दोन तासांनी विझणारी शेगडी आणि काळे दाणे

पहिली गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण मला ती कोणी सांगितली नव्हती. जपानमधली आमच्या घरातली गॅसची शेगडी सलग दोन तास चालली की आपली आपण बंद होते. तुम्ही समोर उभे असा नाहीतर झोपलेले असा, पातेल्यात काय आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही. आणि कुरोमामे, म्हणजे पाकातले काळे सोयाबीन, शिजायला सात-आठ तास लागतात. एवढं लक्षात राहिलं तर पुढचं नाही वाचलंत तरी चालेल.

आता सुरुवातीपासून. आम्ही टोकियोत निशी-कासाईला राहतो, हे सहावं वर्ष. इथे आपली माणसं बरीच आहेत, त्यामुळे दिवाळीचा फराळ, पाडव्याची गुढी सगळं होतं. पण जपानी लोकांचं नवीन वर्ष १ जानेवारीला. त्यांनी १८७३ साली जुनं पंचांग सोडलं आणि सणही नव्या तारखेला आणून ठेवला. यंदा लेक शाळेतून आली ती विचारतच, "आई, आपण ओसेची का नाही करत?"

ओसेची म्हणजे एकावर एक रचलेल्या लाखेच्या डब्यांत भरलेले थंड पदार्थ. पहिले तीन दिवस चुलीला आराम, म्हणून सगळं ३१ तारखेपर्यंत करून ठेवायचं. हेरिंग माशाची अंडी मुलाबाळांसाठी, सुकवलेले बारीक मासे शेत पिकावं म्हणून, असा प्रत्येकाला अर्थ. आम्ही शाकाहारी, त्यामुळे आमच्या वाट्याला आले काळे सोयाबीन, कुरोमामे. मामे म्हणजे दाणा, आणि त्याच उच्चाराचा दुसरा शब्द म्हणजे धडधाकट, कामसू. वर्षभर हातपाय चालते राहोत, हा त्यामागचा हेतू. (आमच्या घरात मामे म्हटलं की मामेभावंडंच आठवतात, पण असो.)

तयार कुरोमामे कुठल्याही दुकानात पाकिटात मिळतात. ते आणले असते तर हे सगळं लिहायची वेळच आली नसती. पण पाकाच्या बाबतीत माझा हात कोणी धरणार नाही अशी माझी समजूत आहे. रव्याचे लाडू, साखरभात, मुरांबा, कशाचाही पाक मी बोटांवर ओळखते. गोड पाण्यात दाणे शिजवायचे, त्यात काय एवढं!

आधी कुकरची फजिती सांगून मोकळी होते. २७ तारखेला दाणे रात्रभर भिजवले होते, ते कुकरला लावले आणि राजम्याच्या हिशेबाने पाच शिट्ट्या दिल्या. झाकण उघडलं तर निम्म्या दाण्यांची सालं निघून वर तरंगत होती, एक साल शिट्टीच्या नळीत जाऊन बसली होती आणि खाली काळपट पिठलं. सोयाबीनला फेस फार येतो आणि साल नळीत अडकली की कुकर धोक्याचा होतो, हे नंतर कळलं. शिवाय या पदार्थात प्रत्येक दाणा अख्खा, टपोरा आणि आरशासारखा चकचकीत दिसायला हवा. मऊ तर इतका, की अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत विरघळावा. हे दोन्ही एकाच दाण्यात आणायचं, खरी मेख तिथे आहे.

मग रीतसर कृती शोधली. इथे घरोघरी चालते ती दोई मासारू या टीव्हीवरच्या जुन्या स्वयंपाक-गुरूंची. आपण आधी दाणे शिजवून मग साखर घालतो. ते उलटं करतात. २ लिटर पाण्यात २५० ग्रॅम साखर, पाव कप सोया सॉस, अर्धा मोठा चमचा मीठ आणि अर्धा छोटा चमचा खाण्याचा सोडा घालून उकळायचं, गॅस बंद करायचा आणि त्या गरम पाण्यात ३०० ग्रॅम धुतलेले दाणे टाकायचे. पाच तास तसेच. मग त्याच पाण्यात शिजवायचे. शिजलेल्या दाण्यावर एकदम साखर पडली की साखर आतलं पाणी ओढून घेते आणि दाणा आक्रसतो. पहिल्यापासून पाकातच भिजला की हा धक्का बसत नाही. मला हे फार पटलं. सांगलीला आईला व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "सोडा घालतात ना? मग बरोबर आहे, जास्त शिकवू नकोस."

साहित्यात अजून एक नग होता. गंजलेले खिळे, दहा. दाण्याच्या सालीतला रंग लोखंडाशी जुळला की पक्का काळा होतो, नाहीतर शिजता शिजता लालसर पडतो. लोखंडी कढईत भाजी काळी पडली की आपण हळहळतो, इथे तेच मुद्दाम घडवून आणायचं. दुकानातले चकचकीत खिळे मात्र आणू नका, त्यांवर जस्ताचा मुलामा असू शकतो. स्वयंपाकासाठीच केलेलं बिडाचं अंडं मिळतं, ते सगळ्यात चांगलं. मला शेजारच्या आजींनी पुरचुंडी बांधून दिली. त्यांच्या सासूबाईंच्या वेळचे खिळे. धुऊन, उकळून, पातळ फडक्यात बांधून पातेल्यात सोडले.

२८ तारखेच्या रात्री दहाला मंद आचेवर पातेलं चढवलं. फेस काढला. दाण्यांवरच टेकणारं झाकण लागतं, त्याला ओतोशिबुता म्हणतात. माझ्याकडे ते नव्हतं, म्हणून बेकिंगचा कागद गोल कापून, मध्ये भोकं पाडून ठेवला. तेही चालतं. पाणी भरपूर होतं, आच अगदी बारीक. पहाटे पाचचा गजर लावला आणि झोपले. रात्रभर गॅस चालू ठेवून झोपणं हा शहाणपणा नव्हता, हे मला मान्य आहे. पुढे ज्यांच्याशी फोनवर बोलले त्यांनीही ते मला फार नम्रपणे सांगितलं.

पाचला उठले तर घर गार, शेगडी गार, पातेलं गार. बाराच्या सुमारास ती विझली असणार. दाणे अर्धेकच्चे, दाताखाली कचकच. मला वाटलं शेगडी बिघडली. पुन्हा पेटवली, तर पेटली. सात वाजता मी समोर असतानाच पी-पी करून पुन्हा बंद. परत पेटवली, नऊ वाजता परत तेच.

मग फोन सुरू. तारीख २९ डिसेंबर, हे लक्षात घ्या. इथे सरकारी कचेऱ्या २८ तारखेला वर्षाचं काम आटपतात ते ४ जानेवारीला उघडतात आणि बहुतेक कंपन्याही त्याच वळणाच्या. शेगडी बनवणाऱ्यांच्या मदत क्रमांकावर एक गोड आवाज वर्षभरातल्या स्नेहाबद्दल आभार मानत होता आणि चार तारखेला या म्हणत होता. घर सांभाळणाऱ्या एजन्सीकडेही आवाज दुसरा पण मजकूर तोच. शेवटी मी गॅसचा चोवीस तासांचा क्रमांक लावला. अकरा मिनिटं संगीत ऐकलं. मग एक गृहस्थ आले.

"गळतीचा वास येतोय का?"

"नाही."

"ज्योत पेटत नाही का?"

"पेटते. पण दोन तासांनी विझते."

पलीकडे थोडी शांतता. "ओकुसान (म्हणजे बाईसाहेब), काय शिजतंय?"

"कुरोमामे."

"आ...!" ते इतक्या सहानुभूतीने म्हणाले, की माझा राग जागच्या जागी बसला. मग समजावून सांगितलं. हा बिघाड नाही, सोय आहे. २००८ पासून इथे घरगुती शेगडीच्या प्रत्येक बर्नरला तापमान ओळखणारा सेन्सर सक्तीचा झाला, आणि कोणी गॅस विसरला तर तो आपोआप बंद होण्याची व्यवस्थाही तेव्हापासून सोबत येते. आमच्या शेगडीत तिची मुदत दोन तास, ती वाढवता येत नाही. मी म्हटलं, मग तुमच्या देशात हे दाणे शिजवतात कसे? त्यांनी तीनदा माफी मागितली. इथली माणसं माफी इतकी सुरेख मागतात की भांडण करताच येत नाही, आणि ते पोटात तसंच राहतं. बघा, महिना झाला तरी आहे.

तोवर नवऱ्याने माहितीपुस्तिका काढली होती. चौतिसावं पान, तळाशी, चौकटीत, बारीक अक्षरात. सहा वर्षांत त्या पानापर्यंत कोणी गेलं नव्हतं, कारण सहा वर्षांत आम्ही काही दोन तास शिजवलंच नव्हतं.

आणि त्या थंड-गरम-थंडमध्ये दाण्यांचं जे व्हायचं ते झालं. दाणा गार झाला की आक्रसतो, पण त्याची साल ताणलेलीच राहते. वर पाणी आटून कागद सरकला होता, तिथले दाणे उघडे पडले. हवा लागलेला प्रत्येक दाणा मनुकेसारखा. त्यात मी घाईघाईने वरून नळाचं थंड पाणी ओतलं. हे कधीही करू नका. पाणी वाढवायचं तर उकळतं, आणि दाणे नेहमी बोटभर पाण्याखाली. दुपारपर्यंत पातेलंभर सुरकुत्या तयार होत्या.

वाटीभर घेऊन आजींकडे गेले, खिळ्यांचं काय चुकलं विचारायला. त्यांनी एक दाणा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, छान आहेत की, टोकियोत जुन्या पद्धतीचे असेच असतात. सुरकुत्या पडेपर्यंत जगावं म्हणून मुद्दाम सुरकुतलेले करायचे. टपोरे, गुळगुळीत हवेत ही ओसाका-क्योतोकडची आवड. हे खरंच आहे, नंतर दोघा-तिघांनी सांगितलं. पण माझं समाधान झालं नाही. त्यांच्या सुरकुत्या ठरवून पाडलेल्या होत्या, माझ्या चुकून पडलेल्या. लाडू बसले की कोणी "आमच्याकडे असेच आवडतात" म्हणतं ना, तसं वाटलं.

आजींच्या बैठकीत रॉकेलची शेगडी होती आणि तिच्यावर सकाळपासून त्यांचं पातेलं संथ वाफ सोडत होतं. ना सेन्सर, ना दोन तास. खोलीही गरम, दाणेही तयार. आमच्या भाडेकरारात रॉकेलला बंदी आहे.

तेव्हा ३० तारखेला तिसरा डाव. दाणे पुन्हा आणायला गेले तर ह्योगोकडचे तांबाचे मोठे दाणे संपले होते, होक्काइदोचे मिळाले. थोडे लहान, पण चवीला काही कमी नाहीत, आणि स्वस्त. (पहिल्यांदा करत असाल तर हेच घ्या. तांबाचे दाणे वाया घालवण्याइतके माझ्यासारखे पैसे जास्त झालेले नसतील.) सकाळी सहाला गरम पाकात भिजवले, अकराला गॅसवर. यावेळी मोबाइलवर एक तास पन्नास मिनिटांचा गजर. गजर झाला की मीच गॅस बंद करायचा आणि लगेच पेटवायचा, म्हणजे शेगडीचं घड्याळ पुन्हा शून्यापासून. मध्ये ज्योत गेल्याचं जाणवतही नाही. इतकंच होतं. हे त्या फोनवरच्या गृहस्थांनी सांगितलं असतं तर!

गजर चार वेळा वाजला. एकदा मी, एकदा नवरा, एकदा लेक माझ्या देखरेखीखाली, एकदा पुन्हा मी. संध्याकाळी सातला करंगळीच्या चिमटीत दाणा दबला. पातेलं झाकणासकट टॉवेलात आणि वरून जुन्या रजईत गुंडाळलं, दही लावताना थंडीत करतो तसं. हळूहळू गार झालं की साल सुटत नाही आणि पाक आतपर्यंत मुरतो. सकाळी उघडलं तर काळेभोर, टपोरे. मोजून सात दाण्यांना सुरकुत्या होत्या, ते मी उभ्याउभ्या खाऊन टाकले.

एक राहिलंच. साखर २५० ग्रॅम मला जास्त झाली, पुढच्या वेळी २०० घालीन. आणि उरलेला काळा पाक फेकू नका. गरम पाण्यात घालून प्यायला आजींनी सांगितलाय, खोकल्यावर. मी आलं किसून घातलं, उत्तम लागतं.

१ तारखेला डबा घेऊन आजींकडे गेले. त्यांनी दाणे उजेडात धरून पाहिले आणि विचारलं, ओसाकाच्या कोणाकडून शिकलीस का? मी हो-नाही काहीच म्हटलं नाही.

खिळे धुऊन, पुसून, पुरचुंडीत परत बांधून ठेवले होते, आजींना द्यायला. काल पाहिलं तर नऊच. दहावा भिंतीत आहे, आईने पाठवलेलं कालनिर्णय त्याला लटकलंय. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकायचा नाही, हेही करारात आहे, पण ते पान नवऱ्याने वाचलेलं नाही.