जाड थर म्हणजे मजबुती नव्हे

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाली की आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडे वेल्डिंगच्या दुकानांपुढे औजारांची रांग लागते. पाऊस तोंडावर, कपाशीची रानं तयार करायची, आणि कल्टिव्हेटर, म्हणजे फणांनी माती मोकळी करणारं ट्रॅक्टरचं औजार, प्रत्येकालाच आजच्या आज हवा. त्या रांगेला कंटाळून मी घरी इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आणि ग्राइंडर घेतला. आता रांग माझ्या अंगणात लागते, ते सोडा.

परवा शेजारचे नाना नऊ फणी कल्टिव्हेटर घेऊन आले. फ्रेमचा पुढचा अँगल चिरलेला. आधीच्या वेल्डिंगचा हा एवढा थर तिथे होता, आणि चीर गेली होती बरोबर त्याच्या कडेने. थर शाबूत! रॉड ओतला की काम पक्कं, ही आपल्याकडची समजूत काही जात नाही.

चीर दिसते तिथेच संपत नाही. रंग खरवडून वर डिझेल चोळलं, कोरडं पुसलं आणि खडू घासला. थोड्या वेळाने पांढऱ्यावर बारीक काळपट रेघ उमटली, दिसत होती त्यापेक्षा बोटभर पुढे गेलेली. त्या टोकाला सहा एमएमचं भोक पाडलं, म्हणजे चीर पुढे सरकत नाही. मग जुना थर घासून काढला, डिझेल जाळून जागा साफ केली, चिरेला व्ही खाच दिली आणि ७०१८ नंबरच्या वेल्डिंग रॉडने खालपासून भरत आणलं. हा रॉड ओल धरतो. पाकीट फुटून महिनाभर गोठ्यात पडलेला असेल तर उन्हात वाळवूनही भागत नाही. म्हणून मी लहान पाकीट आणतो.

वरून आधाराची पट्टी लावताना नाना म्हणाले, "काय करी ऱ्हायना भो? चौकोनी काप ना सरळ!" चौकोनी पट्टीला आडवं वेल्डिंग मारलं की पुढची चीर त्याच रेघेवर येते. मी दोन्ही टोकं निमुळती कापतो, वेल्डिंग लांबीच्या दिशेने घेतो आणि टोकाला आडवं मारत नाही.

पण खरं दुखणं फ्रेममध्ये नव्हतंच. फण उचलू नये म्हणून नानांनी स्प्रिंगा इतक्या आवळल्या होत्या की वेढ्याला वेढा टेकलेला. त्यांचं रान सातपुड्याच्या पायथ्याशी, दगड-गोट्यांचं. दगड लागला की फणाने मागे हटायचं, त्यासाठीच ती स्प्रिंग. ती हटेना, मग सगळा हिसका फ्रेमवर. पलटी नांगराच्या शिअर बोल्टचंही, म्हणजे जास्त जोर आला की आधी तुटावा म्हणून लावलेल्या बोल्टचंही, तेच. तुटतो म्हणून कुणीतरी त्याजागी दुप्पट कडक बोल्ट ठोकतो आणि मग बीमच वाकवून आणतो. पन्नास रुपयांच्या आत येणारा बोल्ट तुटू द्यावा की.

स्प्रिंगा सैल करून दिल्या. नानांचं तोंड वाकडंच होतं.

दोन गोष्टी राहिल्या. वेल्डिंगआधी औजार ट्रॅक्टरपासून सोडा, नाहीतर बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचे डायोड उडायचे. आणि रोटाव्हेटरच्या, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणाऱ्या औजाराच्या, तुटलेल्या पात्या माझ्याकडे आणू नका. त्या पाणी देऊन कडक केलेल्या पोलादाच्या असतात, जोडल्या तरी कडेला ठिसूळ होतात आणि तुकडा सुटला तर कुणाच्या पायात घुसेल सांगता येत नाही. नव्या घ्या, आणि नटबोल्टही नवेच टाका.