ईसी२५ मोडेमवरील डीएनएस : नाव नेमके कोण शोधतो?

मागच्या नोंदीत क्वेक्टेल ईसी२५ हा सेल्युलर मोडेम मोबाइल नेटवर्कवर नोंदला गेला होता आणि त्याला आयपी पत्ताही मिळाला होता. ८.८.८.८ या पत्त्यावर पाठवलेल्या पिंगला उत्तर येत होते, मात्र सर्व्हरचे नाव देऊन टीसीपी जोडणी उघडायला सांगितले की त्रुटी ५६५ हाती पडे. या क्रमांकाचा अर्थ डीएनएसला (नावावरून आयपी पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेला) नावाचा पत्ता शोधता आला नाही, एवढाच आहे. म्हणजे रेडिओ, सिम आणि एपीएन (मोबाइल नेटवर्कचे प्रवेशद्वार ठरवणारे नाव) यांच्याकडे पुन्हा वळण्याचे कारण उरले नव्हते.

दोष माझ्या स्क्रिप्टमधील आज्ञांच्या क्रमात होता. डीएनएस सर्व्हरचे पत्ते ठरवणारी एटी+क्यूआयडीएनएससीएफजी ही आज्ञा मी सुरुवातीलाच, काँटेक्स्ट (मोडेम आणि नेटवर्क यांच्यातील डेटा जोडणी) सक्रिय होण्यापूर्वी, पाठवत होतो. वास्तविक या मोडेमवर आधी एटी+क्यूआयएसीटी देऊन काँटेक्स्ट सक्रिय करावा लागतो आणि मगच त्या काँटेक्स्टसाठी डीएनएस ठरवता येतो. काँटेक्स्ट सुरू होताना नेटवर्क स्वतःचे डीएनएस पत्ते मोडेमला कळवते आणि ते एटी+सीजीसीओएनटीआरडीपी या आज्ञेच्या उत्तरात, गेटवेच्या पत्त्यानंतर, पाहता येतात. तेथे मिळालेले दोन्ही पत्ते मी वहीत उतरवून ठेवले, कारण पुढे तुलनेसाठी तेच उपयोगी पडले. क्रम बदलल्यावर ८.८.८.८ आणि १.१.१.१ हे सार्वजनिक डीएनएस सर्व्हरचे पत्ते स्वीकारले गेले आणि तीच जोडणी नावाने उघडली. स्क्रिप्टमध्ये ही आज्ञा आता प्रत्येक सक्रियतेनंतर नव्याने दिली जाते. जोडणी तुटून पुन्हा उभी राहिल्यावर जुनी मांडणी टिकली असेल, असे गृहीत धरणे मला धोक्याचे वाटते.

तपासणीसाठी, नावाचा पत्ता शोधून देणारी एटी+क्यूआयडीएनएसजीआयपी ही आज्ञा वापरताना एक गोष्ट मला उशिरा उमगली. या आज्ञेला लगेच मिळणारे 'ओके' म्हणजे विनंती पोहोचल्याची पोच असते. खरा निकाल नंतर स्वतंत्र ओळीत येतो आणि त्यात त्रुटी क्रमांक, सापडलेल्या पत्त्यांची संख्या व टीटीएल (उत्तर किती वेळ ग्राह्य धरायचे तो काळ) असतात. माझा प्रोग्रॅम 'ओके' वाचून पुढे जात असे आणि निकालाची ओळ पुढच्या आज्ञेच्या उत्तरात मिसळे. आता तो त्या ओळीसाठी ६० सेकंदांपर्यंत थांबतो.

यानंतर तोच मोडेम लिनक्स संगणकाला पीपीपीने (मोडेममार्फत संगणकाला थेट नेटवर्कशी जोडणाऱ्या पद्धतीने) जोडला आणि मोडेममध्ये इतक्या काळजीने केलेल्या मांडणीचा संगणकावर काहीही परिणाम दिसला नाही. थोडा विचार केल्यावर ते योग्यच वाटले. टीसीपी आज्ञा वापरताना नाव मोडेम शोधतो. पीपीपीमध्ये मात्र मोडेम केवळ पॅकेट पुढे पाठवतो आणि नाव शोधण्याचे काम संगणकाचे असते. त्यासाठी पीपीपी चालवणाऱ्या पीपीपीडी या प्रोग्रॅमला 'यूजपीअरडीएनएस' हा पर्याय द्यावा लागतो. त्यामुळे जोडणीच्या वाटाघाटीत आलेले पत्ते पीपीपीच्या स्वतःच्या रिझॉल्व्ह फाइलमध्ये (डीएनएस सर्व्हरचे पत्ते ठेवणाऱ्या फाइलमध्ये) लिहिले जातात, पण संपूर्ण प्रणालीच्या रिझॉल्व्ह फाइलपर्यंत ते नेण्याचे काम जोडणी उभी राहताच चालणाऱ्या आयपी-अप स्क्रिप्टचे असते. माझ्याकडे ती स्क्रिप्ट रिकामी होती. सेल्युलर मोडेमवर डीएनएसचा गोंधळ झाला की सर्वप्रथम नाव कोण शोधत आहे हे ठरवावे, असे माझे आता ठाम मत आहे.

सार्वजनिक डीएनएस सरसकट लावण्याचा मोहही मी आवरला आहे. केवळ आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत; जुनी आयपीव्ही४) देणाऱ्या नेटवर्कवर बहुधा डीएनएस६४ चालू असते. ज्या सर्व्हरकडे फक्त आयपीव्ही४ पत्ता आहे, त्याच्यासाठी ते आयपीव्ही६ पत्ता रचून देते. तेथे साधा सार्वजनिक सर्व्हर लावला, तर असा रचलेला पत्ता मिळत नाही आणि संगणकावर ४६४एक्सलॅटसारखी, आयपीव्ही६ नेटवर्कवरून आयपीव्ही४ची वाहतूक नेणारी सोय नसल्यास ते सर्व्हर उघडेनासे होतात. खाजगी एपीएनवर तर बाहेरचा डीएनएस अडवलेलाही असू शकतो.

म्हणून सध्या संगणकावर नेटवर्कने दिलेले पत्ते ठेवले आहेत आणि मोडेमच्या टीसीपी आज्ञांसाठी ८.८.८.८ व १.१.१.१. पुढच्या चाचणीत काँटेक्स्टचा प्रकार आयपीव्ही४व्ही६ (दोन्ही पद्धती एकत्र) करून एटी+सीजीसीओएनटीआरडीपीच्या उत्तरात काय बदलते, ते पाहणार आहे.