व्हिमआरसीतली ६३वी ओळ

सकाळी सव्वासातला काकूंचा फोन आला. काकू म्हणजे आमच्या मुद्रितशोधक. एरवी दहाच्या आधी त्या कुणालाच फोन करत नाहीत.

“अरे, ‘दऱ्यांच्या कडेला थांबू नका’ असं लिहिलं होतं मी. माझ्या फोनवर ‘दर्यांच्या कडेला’ आलंय. घाटात समुद्र कुठून आला?”

जुलै महिना होता. मुळशी, वेल्हे, भोर या भागातल्या गावांना आणि तिकडे भटकायला जाणाऱ्यांना पावसाच्या दिवसांत सूचना पाठवणाऱ्या एका ॲपचं काम आमच्याकडे होतं. आमची कंपनी आठ-नऊ जणांची. सगळ्या सूचनांची मराठी वाक्यं एकाच फाइलीत असायची आणि त्यातला शब्दन् शब्द काकूंच्या नजरेखालून जायचा. सकाळी सहाला जी सूचना गेली तीत दऱ्यांचा दर्या झाला होता. सोबत ‘वाऱ्याचा वेग’चं ‘वार्याचा वेग’ आणि ‘कोसळणाऱ्या दरडी’चं ‘कोसळणार्या दरडी’ही झालं होतं. वाचणाऱ्याला अर्थ लागला असता, हे खरं. पण दरड कोसळण्याची सूचना वाचताना माणसाला एका शब्दावर अडखळून विचार करावा लागणं मला तेव्हाही चालणारं नव्हतं, आजही नाही.

मी म्हटलं, “काकू, तुमच्या फोनचा फॉन्ट असेल.” जुन्या फोनवर जोडाक्षरं मोडतात, हे आम्ही पूर्वी पाहिलेलं होतं. त्यांनी पडद्याचं चित्र पाठवलं. त्यात त्याच सूचनेच्या शेवटी ‘दुसऱ्या मार्गाने जा’ असं होतं आणि तिथला ‘ऱ्या’ व्यवस्थित होता. एकाच वाक्यात एक ‘ऱ्या’ बरोबर आणि दुसरा मोडलेला. म्हणजे फॉन्टचा दोष नव्हता.

तो आडवा, चंद्रकोरीसारखा र मराठीत किती काम करतो हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याला. लिहिताना फरक फक्त त्या र चा. संगणकात मात्र हा र दोन वाटांनी येतो. एक वाट ऱ ची. हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, ०९३१ या क्रमांकावर आहे. मुळात ते द्राविडी भाषांतल्या एका वेगळ्या र साठी आहे, पण त्याचा पाय मोडला की आपला आडवा र मिळतो. दुसरी वाट जुनी, युनिकोड २.० च्या काळापासूनची: साधा र, मग हलन्त, मग २००डी या क्रमांकाचं एक अदृश्य चिन्ह. या चिन्हाला स्वतःचं रूप नाही, रुंदी नाही. शेजारच्या अक्षरांनी एकमेकांना कसं धरायचं एवढंच ते सांगतं. ते काढलं, की उरलेला र पुढच्या य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो.

काकू वापरायच्या तो जुना, रोमन अक्षरांवरून मराठी उमटवणारा कीबोर्ड दुसऱ्या वाटेनं जायचा. आमची नवी अनुवादक इनस्क्रिप्ट या कीबोर्डवर लिहायची. तिथं शिफ्टसह र ची कळ दाबली की थेट ऱ मिळतो. त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग काकूंनी लिहिलेला होता आणि शेवटचा तुकडा तिनं नंतर जोडलेला. म्हणजे कुणीतरी फाइलीतून २००डी तेवढं वेचून काढलं होतं.

गिटचा, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचा, इतिहास उघडला. शेवटचा बदल रात्री दहा वाजून काही मिनिटांचा आणि नाव माझं.

आदल्या रात्री धो धो पाऊस होता. नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी क्रमांक बदलल्याचा निरोप आला. मी घरूनच एसएसएचनं, म्हणजे दूरच्या संगणकाशी जोडून घेऊन, यंत्रावर गेलो, व्हिम या एडिटरमध्ये फाइल उघडली, एका ओळीतला क्रमांक बदलला, जतन केलं आणि कमिट करून, म्हणजे गिटमध्ये बदलाची नोंद करून, पुढे ढकललं. कमिट झाल्यावर गिटनं नेहमीप्रमाणे खाली आकडे दाखवले होते: ४२ ओळी आल्या, ४२ गेल्या. मी बदललेली ओळ एक होती. आकडे डोळ्यांसमोर होते आणि मी ते वाचले नव्हते.

डिफ, म्हणजे जुन्या-नव्या ओळींची तुलना, उघडल्यावर सगळं लख्ख दिसलं. लाल ओळींत र् नंतर कोनी कंसात २००डी, हिरव्या ओळींत तीच जागा मोकळी. अशा ४१ ओळी. आधी जुनी फाइल परत आणली, दूरध्वनी क्रमांकाची एक ओळ दुसऱ्या यंत्रावरून नव्यानं बदलली आणि दुरुस्त सूचना पाठवायला दिली. त्याला वीस मिनिटं लागली. मग या ४१ ओळी कुणी बदलल्या ते शोधायला बसलो, कारण माझ्या बोटांनी तर एकच बदलली होती.

व्हिम आपण केलेली कुठलीही सेटिंग न वाचता उघडायची एक सोय आहे, क्लीन या नावाची. त्या पद्धतीनं व्हिम सुरू केलं. फाइलीचं नाव द्यायला विसरलो, त्यामुळे रिकाम्या पडद्यावर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा, ही ओळ आली. ब्रॅम मोलेनार यांनी १९९१ मध्ये ॲमिगा संगणकासाठी व्हिम पहिल्यांदा लोकांसमोर ठेवलं, आणि पुढे पैसे देण्याऐवजी त्या मुलांना मदत करा असं वापरणाऱ्यांना सांगितलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. सुरुवातीचा तो पडदा दिसू नये अशी सेटिंग मी फार पूर्वी करून ठेवली होती, म्हणून ती ओळ माझ्या नजरेला कित्येक वर्षं पडलीच नव्हती. त्या घाईतही मी तिच्यापाशी थोडा थांबलो.

मग जुन्या फाइलीची प्रत उघडून काहीही न बदलता जतन केली. एक बाइटही हलला नाही. तीच प्रत माझ्या नेहमीच्या व्हिममध्ये उघडून, काहीही न बदलता, जतन केली. ४१ ओळी बदलल्या. जतन करण्याआधी आपोआप काय चालतं ते व्हिमला विचारता येतं, आणि व्हर्बोज हा शब्द आधी जोडला तर ती आज्ञा कुठून आली तेही कळतं. उत्तर आलं: घरच्या फोल्डरातली व्हिमआरसी (माझी व्हिमची सेटिंगची फाइल), ओळ ६३.

ती ओळ मी दोन वर्षांपूर्वी लिहिली होती आणि लिहिताना मला फार समाधान वाटलं होतं. एका सहकाऱ्याची यॅमल (सेटिंग लिहायच्या एका प्रकारची) फाइल सकाळपासून चालत नव्हती. गप्पांच्या ॲपमधून चिकटवलेल्या मजकुरासोबत शून्य रुंदीची एक मोकळी जागा, २००बी, आत आली होती आणि त्याच्या एडिटरमध्ये ती दिसत नव्हती. मी फाइल व्हिममध्ये उघडली आणि क्षणात ती निळ्या रंगात कोनी कंसात दिसली, कारण व्हिम अशी अदृश्य चिन्हं त्यांच्या क्रमांकानं दाखवतं. त्याच दुपारी मी ६३वी ओळ लिहिली. कुठलीही फाइल जतन करण्याआधी ओळींच्या शेवटच्या मोकळ्या जागा काढ, आणि २००बी पासून २००डी पर्यंतची चिन्हंही काढ. नको होतं ते २००बी. दोन क्रमांक पुढपर्यंतचा पल्ला मी सोयीसाठी घेतला. कुठलीही फाइल, असंच लिहिलं होतं, कारण तेव्हा माझ्यासमोर फक्त कोड होता. आणि व्हिम एरवी दोनपेक्षा जास्त ओळी बदलल्या की खाली तसं सांगतं, ते रोज दिसू नये म्हणून सायलेंट हा शब्दही मीच लावला होता.

पण मग दोन वर्षं हे घडलं कसं नाही? मराठीची फाइल मी तोवर व्हिममध्ये उघडून पाहायचो, जतन कधी करत नसे. तो सगळा बदल काकू आणि अनुवादक त्यांच्या साधनातून करत. त्या रात्री पहिल्यांदा मी ती फाइल व्हिममधून जतन केली.

आणि उघडून पाहायचो तेव्हा काय दिसायचं, ते सांगणं मला महत्त्वाचं वाटतं. टर्मिनल म्हणजे व्हिम चालतं तो अक्षरांचा पडदा, सारख्या मापाच्या चौकटींची जाळी. देवनागरी तीत नीट बसत नाही. मात्रा सरकतात, जोडाक्षरं सुटतात, कर्सर एका जागी आणि अक्षर दुसऱ्या जागी. त्यात ‘दऱ्या’ किंवा ‘वाऱ्या’ अशा शब्दांच्या मधोमध ती निळी कोनी कंसातली खूण. वर्षानुवर्षं ते पाहून त्या खुणेला मी मनातल्या मनात कचरा ठरवून टाकलं होतं. मराठी माझी मातृभाषा, पण टर्मिनलमध्ये मी ती वाचत नव्हतो. कंस जुळतात का, अवतरणचिन्हं बंद आहेत का, एवढंच बघत होतो. म्हणून आपला आडवा र माझ्याच हातानं कचऱ्यात गेला.

व्हिमआरसी या नावातला आरसी १९६०च्या दशकातल्या एमआयटीच्या सीटीएसएस या यंत्रणेतल्या रनकॉम शब्दावरून आला, म्हणजे एका फाइलीत लिहून ठेवलेल्या आणि ओळीनं चालणाऱ्या आज्ञा. आपण तिला सेटिंगची फाइल म्हणतो. टॅब चार जागांचा हवा, ओळींना क्रमांक हवेत, रंग अमुक हवा, अशा ओळी खरोखर सेटिंग असतात. त्या माझ्या पडद्यापुरत्या. ६३वी ओळ वेगळ्या जातीची होती. ती समोरच्या फाइलीत हात घालत होती आणि फाइल माझी आहे की काकूंची, कोड आहे की मराठी, हे तिनं कधीच विचारलं नव्हतं.

साडेदहाला काकू ऑफिसात आल्या तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. “काकू, तुमचं काही चुकलं नव्हतं. माझ्या एडिटरनं तुमचा र काढला, आणि त्याला तसं मीच सांगून ठेवलं होतं.” त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “दाखव ती ओळ.” मी दाखवली. त्यांनी बोट ठेवून विचारलं, “हे २००डी म्हणजेच तो र ना?” मी म्हटलं, “र नाही, र ला आडवा करणारा.” मग त्यांनी छापखान्यातलं सांगितलं. शिशाचे खिळे जुळवायच्या दिवसांत त्या आडव्या र चा खिळा निराळा असायचा. तो संपला तर कंपोझिटर रफाराचा खिळा लावून वेळ मारून नेत आणि प्रूफ वाचणाऱ्यानं ते पकडायचं. “डोळ्याला सवय आहे रे ती,” त्या म्हणाल्या.

दुपारभर मी व्हिमआरसी नव्यानं लिहिली. ६३वी ओळ काढली. मोकळ्या जागा साफ करणं आता आफ्टर फोल्डरातल्या एफटीप्लगइन फाइलींमध्ये आहे. त्या फाइली सर्वांत शेवटी वाचल्या जातात आणि आपापल्या प्रकारच्या फाइलीपुरत्याच चालतात: यॅमल, शेल, पायथन. तिथंही आज्ञा फक्त त्या बफरला, म्हणजे उघडलेल्या त्या फाइलीला, बांधलेली, आणि गटात घालून आधी गट रिकामा करणारी, म्हणजे एफटीप्लगइन पुन्हा वाचलं गेलं तरी ती दुप्पट होत नाही. पल्ला गेला, एकटं २००बी उरलं, आणि तेसुद्धा आपोआप काढायचं नाही, फक्त ठळक दाखवायचं. सायलेंट सगळीकडून काढला. अनुवादाच्या फाइलींसाठी वेगळी फाइल केली. तीत र् नंतरचा २००डी फिक्या राखाडी रंगात दिसतो, म्हणजे डोळा त्याला कचरा समजत नाही.

एक प्रश्न काकूंशिवाय सुटणारा नव्हता. एकच शब्द फाइलीत दोन प्रकारच्या बाइटांनी राहिला तर शोधताना निम्मे सापडणार नाहीत. मी ‘दऱ्या’ शोधून दाखवलं, तेव्हा पडद्यावर दिसत असलेल्या पाचांपैकी दोनच सापडले. सगळं ऱ कडे वळवावं असं आम्ही ठरवलं, युनिकोडची पसंतीही त्यालाच आहे. अट काकूंनी घातली: एकदम बदल करायचा नाही, प्रत्येक ठिकाणी थांबून विचारायचं. व्हिममध्ये बदलाच्या आज्ञेला सी लावला की ते दर ठिकाणी थांबतं. ते टर्मिनल मी पडद्याच्या एका बाजूला ठेवलं आणि दुसऱ्या बाजूला तीच फाइल ब्राउझरमध्ये, नीट जुळलेल्या अक्षरांत. ४१ ओळींत ५८ जागा निघाल्या. मी थांबायचो, काकू शब्द मोठ्यानं वाचायच्या, “किनाऱ्यावर, हो. पायऱ्या, हो. सूर्यास्त, अरे तो रफारच, त्याला हात नको.” तिथं २००डी नव्हतंच, व्हिम तिथं थांबलंही नव्हतं. काकू ओळ पूर्ण वाचत होत्या.

पाच वाजता संध्याकाळची सूचना गेली. काकूंनी फोन डोळ्यांजवळ नेला, चष्मा वर केला. “आला आडवा र,” म्हणाल्या, आणि पुढची ओळ वाचायला घेतली.