लोण्याच्या गाईचं पुढे काय होतं?

"आणि जत्रा संपल्यावर त्या लोण्याचं काय करतात गं?" आईने चष्मा वर ढकलत विचारलं, आणि माझं लॅपटॉपवरचं बोट थांबलं.

तासभर डोकं लावत होते. शिकागोहून कुठला स्टेट फेअर (राज्याची वार्षिक जत्रा) बरा? विस्कॉन्सिनचा जवळ, मिलवॉकीला लागूनच. तिथले क्रीम पफ १९२४ पासूनचे. आयोवाला पाच तास गाडी, पण तिथे १९११ पासून लोण्यातून घडवलेली गाय असते! साधारण २७० किलो लोणी, थंडगार काचेच्या खोलीत उभं. मिनेसोटात तर डेअरीची राजकन्या म्हणून निवडलेल्या मुलीचं डोकंच लोण्याच्या चाळीसेक किलोच्या ठोकळ्यातून कोरतात. पोरगी बिचारी भर ऑगस्टात, तशाच थंडगार खोलीत, जाड कोट घालून तासन्‌तास समोर बसते.

अंतर, पार्किंग, ऊन, सगळं मांडून झालं होतं. हा प्रश्न माझ्या यादीतच नव्हता.

शोधलं. आयोवातलं लोणी पुढची कित्येक वर्षं परत परत वापरतात. मिनेसोटातली मुलगी स्वतःचं डोकं घरी नेते. काहीजणी गावजेवण घालतात आणि ते मक्याच्या गरम कणसांवर संपवतात.

"मग तिकडेच जाऊ," आई म्हणाली. पुसेगावच्या यात्रेत आजोबांचं बोट धरून खिल्लार बैल बघत वाढलेली बाई. गाईचं तिला कसलं कौतुक? लोणी कुणाच्या तरी पोटात गेलं, यावर खूश.

पंचाईत एवढीच, की मिनेसोटाची जत्रा लेबर डेला (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी) संपणारे १२ दिवस, आणि आईचं परतीचं विमान १८ ऑगस्टला.

तिकीट पुढे ढकलावं का?