इमारतीतल्या इंटरनेटचा वेग नेमका कुठे अडतो: माझा अनुभव

माझ्या घरी ३०० एमबीपीएसचा (सेकंदाला ३०० मेगाबिट) इंटरनेट प्लॅन होता, पण वेग कधीही ९४ च्या वर जात नसे आणि संध्याकाळी तर तो तिशीच्याही खाली येई. बहुमजली इमारतींत राहणाऱ्या अनेकांची हीच तक्रार असते आणि तिच्यावर बहुतेक वेळा ‘राउटर बदला’ किंवा ‘मोठा प्लॅन घ्या’ असे उत्तर मिळते. माझ्या बाबतीत या दोन्ही उपायांनी काहीच साधले नसते, कारण अडचण घरातही नव्हती आणि प्लॅनमध्येही नव्हती. कंपनीचा तळमजल्यावरचा मुख्य बॉक्स आणि माझा दरवाजा यांच्यामधल्या, डक्टमधून (केबल आणि वायरी मजल्यामजल्यांवर नेणाऱ्या उभ्या पोकळीतून) वर येणाऱ्या जोडणीत ती होती. हे सिद्ध करून ती दूर करून घेईपर्यंत काय काय करावे लागले, ते येथे लिहीत आहे.

पहिले काम होते वाय-फायला या प्रश्नातून बाजूला काढण्याचे. दाटीच्या इमारतीत २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर एकमेकांत न मिसळणारी चॅनेल १, ६ आणि ११ अशी तीनच असतात आणि भिंतीपलीकडचे सगळे राउटर त्यांच्यावरच बोलत असतात, त्यामुळे वाय-फायवर घेतलेल्या कोणत्याही मोजणीवरून कंपनीकडे दाद मागता येत नाही. म्हणून मी राउटर काढून ठेवला, भिंतीतून येणारी केबल थेट लॅपटॉपला जोडली आणि लॅपटॉपचा पोर्ट १ गिगाबिटचा, म्हणजे १,००० एमबीपीएसचा, आहे याची आधी खात्री करून घेतली. सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि रात्री उशिरा अशा वेगवेगळ्या वेळी मी मोजणी करत गेले. प्रत्येक वेळी वेगाबरोबर पिंगही लिहून ठेवले, म्हणजे कंपनीच्या पहिल्या गेटवेपर्यंत (तिच्या जाळ्यातल्या पहिल्या टप्प्यापर्यंत) संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ.

त्या नोंदींतून दोन वेगळ्या गोष्टी स्पष्ट झाल्या. भल्या सकाळी, सगळी इमारत झोपलेली असताना, वेग ९४ वर येऊन थांबे आणि तिथून हलत नसे. हा आकडा योगायोगाचा नव्हता. १०० एमबीपीएसच्या इथरनेट जोडणीत प्रत्येक पॅकेटबरोबर (माहितीच्या तुकड्याबरोबर) जाणारी इतर माहिती वजा केली की वापरणाऱ्याच्या हाती साधारण ९४–९५ च उरतात. म्हणजे माझी जोडणी कुठेतरी १०० च्या पोर्टवर किंवा १०० च्या केबलवर अडकलेली होती. दुसरी गोष्ट संध्याकाळची: दुपारी २–३ मिलिसेकंद असणारे पिंग रात्री नऊच्या सुमारास ८०–९० पर्यंत चढे. पहिल्याच टप्प्यावर इतका उशीर होतो याचा अर्थ रांग बाहेरच्या जगात कुठे लागत नसून जवळच, बहुधा इमारतीतच, लागते आहे.

ग्राहक सेवेला हे पटवणे सर्वांत कठीण गेले. ‘आमच्या बाजूने सगळे बरोबर दिसते आहे’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले की शेवटी फोन करणेच थांबवले आणि लेखी तक्रार सुरू केली. त्या काळात मला ५०० एमबीपीएसचा प्लॅन घेण्याचाही सल्ला देण्यात आला. जी जोडणी १०० च्या पुढचे काही वाहूच शकत नाही तिच्यावर ५०० चा प्लॅन विकणे मला आजही गैर वाटते; ३०० चा विकणेही गैरच होते. तक्रारीत मी मोजण्यांचा तक्ता जोडला आणि शेवटी एकच प्रश्न विचारला: माझी केबल इमारतीतल्या ज्या स्विचला (एक जोडणी अनेक घरांच्या केबलींत वाटणाऱ्या पेटीला) जोडली आहे, त्या स्विचच्या पोर्टचा वेग किती आहे? राउटर बंद करून चालू करण्याची सूचना हे या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नव्हते. त्यामुळे तक्रार फोनवर बोलणाऱ्यांकडून नेटवर्क सांभाळणाऱ्यांकडे गेली आणि तंत्रज्ञ पाहणीला यायचे ठरले.

दरम्यान मी वेगवेगळ्या मजल्यांवरच्या शेजाऱ्यांना केबल लावून वेग मोजायची विनंती केली. सर्वांनी एकाच वेळी मोजले तर त्या मोजण्यांनीच जोडणी भरून जाते, म्हणून आम्ही एकामागून एक मोजत गेलो. एका शेजाऱ्यांनी आपला वेग ‘अकरा’ असल्याचे सांगितले तेव्हा सुरुवातीला गोंधळ झाला. ते फाइल उतरवतानाचा आकडा पाहत होते आणि तो मेगाबाइटमध्ये होता. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे त्यांचे अकरा हे ९० एमबीपीएसच्या आसपास झाले, आणि तेही माझ्यासारखेच १०० च्या भिंतीला टेकलेले निघाले. संध्याकाळच्या मोजण्या तर याहून बोलक्या होत्या. मुख्य बॉक्सला थेट जोडलेल्या तळमजल्यावरच्या घरांत वेग टिकून होता, पहिल्या मजल्यापासून तो घसरत होता आणि सर्वांत वर सर्वांत कमी होता. बाहेरून येणारी फायबर अपुरी असती तर तळमजल्यालाही झळ बसली असती.

तंत्रज्ञाने आमच्या मजल्यावरच्या डक्टचे दार उघडले तेव्हा मी शेजारी उभी होते. आत एक लहान स्विच तारेने पाइपला बांधलेला होता आणि त्याच्यावर धुळीचा जाड थर होता. माझ्या घराकडे जाणारी केबल त्याने हातात घेतली, तिच्या टोकाचे प्लास्टिकचे जॅक उजेडात धरले आणि म्हणाला, “मॅडम, ही एकच केबल दोन घरांत वाटली आहे.” आत पाहिले तर जॅकमध्ये आठांऐवजी चारच तारा होत्या: नारिंगी जोडी आणि हिरवी जोडी. निळी आणि तपकिरी जोडी वेगळी काढून तिला दुसरे जॅक लावले होते, ते शेजारच्या पोर्टमध्ये होते आणि तिच्यावर आमच्या शेजाऱ्यांचे इंटरनेट चालत होते. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, म्हणून ही काटकसर चालून गेली होती. पण १ गिगाबिटला चारही जोड्या लागतात. या वाटणीत आम्हा दोन्ही घरांचा वेग जोडणी झाली त्याच दिवशी १०० वर गोठला होता आणि त्यानंतर घेतलेला कोणताही प्लॅन त्याला हलवू शकत नव्हता.

संध्याकाळच्या घसरणीचे कारणही त्याच पाहणीत सापडले. प्रत्येक मजल्याचा स्विच तळमजल्याशी स्वतंत्रपणे जोडलेला नव्हता. खालच्या मजल्याच्या स्विचमधून वरच्याला, त्यातून त्याच्या वरच्याला, अशी साखळी होती आणि साखळीची प्रत्येक कडी १०० एमबीपीएसची होती. वरच्या सगळ्या मजल्यांची वाहतूक शेवटी तळाच्या त्या एका कडीतून जात होती. फोर-के चित्रफितीला घरटी १५ ते २५ एमबीपीएस लागतात. पाच-सहा घरांत अशा चित्रफिती चालू झाल्या की ती कडी भरली, मग बाकीच्या घरांनी काहीही करावे. एक जोडणी अनेकांत वाटलेली असणे यात मुळात काही वावगे नाही, हे मला शेजाऱ्यांना मुद्दाम समजावून सांगावे लागले. घरोघरी जाणाऱ्या जीपॉन फायबरमध्येही सुमारे २,४८८ एमबीपीएसची एक वाट ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते. पण ६४ घरांनी एकाच क्षणी पूर्ण वापर केला तरी प्रत्येकाच्या वाट्याला ३८ च्या वर येतात, आणि असा क्षण जवळजवळ येतच नाही. आमच्याकडे मात्र सगळे वरचे मजले मिळून १०० वाटून घेत होते.

कारण कळले तरी काम लगेच झाले नाही. डक्ट इमारतीच्या मालकीची आणि स्विच कंपनीचे, त्यामुळे इमारतीची समिती कंपनीकडे बोट दाखवी आणि कंपनी समितीच्या परवानगीकडे. मी मजलेवार मोजण्यांचा एक पानाचा तक्ता केला, त्यावर ग्राहक असलेल्या शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या आणि तो दोघांनाही एकाच पत्राने पाठवला. एकट्या ग्राहकाची तक्रार त्याच्या राउटरवर ढकलता येते. अनेक मजल्यांच्या सह्यांचे तसे करता येत नाही. समितीची हरकत डक्टमधल्या जागेबद्दल होती आणि ती रास्त होती, कारण तिथे विजेच्या वायरीही आहेत. फायबर बारीक असते, तिच्यातून वीज वाहत नाही आणि तांब्याच्या इथरनेट केबलला असलेली १०० मीटरची मर्यादाही तिला लागू होत नाही, म्हणून प्रत्येक मजल्याला तळापासून स्वतंत्र फायबर आणि मजल्यावर गिगाबिटचा नवा स्विच असे ठरले. मजल्यापासून घरापर्यंत प्रत्येकाला स्वतःची, आठही तारा जोडलेली केबल मिळाली. जुन्या, निकामी केबल काढल्यावर डक्टमध्ये उलट जागाच झाली.

आता केबलवर सकाळी २८० ते २९० मिळतात आणि संध्याकाळी वेग क्वचितच २५० च्या खाली जातो; पिंग एक आकडीच राहते. राउटर मी मूळ जागी ठेवला आणि घरातली उपकरणे ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर नेली. आतल्या खोलीत भिंतींमुळे वेग कमी पडतो, तिथे केबल नेणे अजून बाकी आहे. प्रत्येक डक्टच्या दाराच्या आतल्या बाजूला कोणता पोर्ट कोणत्या घराचा याचा तक्ता चिकटवला आहे. यापुढे कोणत्याही कंपनीला डक्ट वापरू देण्यापूर्वी मजल्यांमधल्या जोडणीचा वेग, एका जोडणीवर किती घरे असतील आणि प्रत्येक घराला स्वतंत्र केबल मिळेल की नाही, या तीन गोष्टी लेखी मागायच्या असा ठराव समितीने केला आहे.