तुम्ही विचारलंत म्हणून : याचे मूळ चित्र कोठे आहे?

माझ्या चित्रांखाली पेन्सिलीने 7/18 किंवा 11/18 असा आकडा लिहिलेला असतो, म्हणजे अठरा प्रतींपैकी सातवी किंवा अकरावी. तो वाचल्यावर बहुतेकजण मला एकच प्रश्न विचारतात : या तर सगळ्या प्रती झाल्या, मग मूळ चित्र कोठे आहे? गुऱ्हाळावरच्या नव्या वुडकट-मालेचे, म्हणजे कोरलेल्या लाकडावरून छापलेल्या चित्रांच्या मालेचे, फोटो पाहून हाच प्रश्न अलीकडे पुन्हा इतक्या जणांनी विचारला आहे, की प्रदर्शने सुरू होण्यापूर्वी त्याचे नीट उत्तर लिहावे असे वाटले. उत्तर असे, की तुमच्या समोर आहे तेच मूळ चित्र आहे, आणि तितकेच मूळ चित्र आणखी सतरा कागदांवर आहे.

हा प्रश्न आपल्याकडे पडणे स्वाभाविक आहे, कारण छापील चित्राशी आपली ओळखच वेगळ्या वाटेने झाली. राजा रविवर्मा यांनी 1894 साली मुंबईत सुरू केलेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हललेला छापखाना लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे घरोघरच्या देव्हाऱ्यांपर्यंत घेऊन गेला. त्यांतल्या अनेक चित्रांमागे तैलरंगातले एक चित्र होते, आणि छापलेली प्रत त्याच्याशी जितकी जुळेल तितकी ती चांगली, असा हिशेब होता. आज फर्निचरच्या दुकानात मिळणाऱ्या, यंत्राने कॅनव्हासवर छापलेल्या चित्रांचेही तेच आहे. तेथे मूळ वेगळे आणि छाप वेगळी. वुडकटमध्ये मात्र छाप निघेपर्यंत चित्रच अस्तित्वात नसते.

त्याआधी असतो तो लाकडाचा ठोकळा. मी शिवणीच्या फळीवर काम करते, कारण हे लाकूड वजनाला हलके, कोरायला सोपे आणि हवा पालटली तरी फारसे न वाकणारे आहे. फळीवर उलटे रेखाटन करायचे, आणि कागदावर जे जे पांढरे राहायला हवे ते पटाशीने व व्ही आकाराच्या हत्याराने कोरून काढायचे; या कामात रेखाटनही हळूहळू पुसले जाते. मग उरलेल्या उंच भागावर रोलरने शाई लावायची, त्यावर पातळ नेपाळी लोक्ता कागद ठेवायचा आणि कागदाची पाठ लाकडी चमच्याने घासत राहायचे. माझ्याकडे छापण्याचा प्रेस नाही आणि मला तो नकोही आहे, कारण कोणत्या जागी किती दाब द्यायचा हे चमच्याने प्रत्येक प्रतीत माझ्या हाती राहते.

नव्या मालेतले वाफेचे चित्र घेऊन हे सांगते. कोल्हापूर जिल्ह्यातली गुऱ्हाळे गेल्या काही दशकांत झपाट्याने कमी झाली. ऊस साखर कारखान्यांकडे वळला आणि या कामाला माणसे मिळेनाशी झाली. जी गुऱ्हाळे अजून चालू आहेत तेथे हंगामात जाऊन मी ही माला केली. काहिलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला, उसाचा रस उकळू लागला की पत्र्याखाली वाफ इतकी दाटते, की पलीकडे उभा असलेला गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, नुसता आकार होऊन दिसतो. पेन्सिलीने ही वाफ काढायची तर हलक्या हाताने छटा भरता येते. काळ्या शाईच्या वुडकटमध्ये करडा रंग नसतो; एकतर काळे असते किंवा पांढरे, आणि मधले सगळे रेघांच्या दाटीतून आणि विरळपणातून उभे करावे लागते. मी काहिलीच्या काठापाशी रेघा इतक्या जवळजवळ कोरल्या की त्यांच्यामध्ये केसाएवढेच लाकूड उरले, आणि पत्र्याकडे जाताना त्या लांब लांब नेल्या. फळीचे तंतू मुद्दाम उभे ठेवले होते, त्यामुळे हत्यार वर जाताना तंतूंबरोबर सरकते आणि आडवे वळवले की अडखळते. गुळव्याच्या खांद्यापाशी वाफ मुरडते तेथे जो तुटक, खरबरीत काठ दिसतो, तो या अडखळण्यातून आला आहे. रेखाटन करताना तो माझ्या मनातही नव्हता. ठोकळ्यावर पाहिले तर त्या जागी फक्त खाचा दिसतात. त्यांची वाफ होते ती कागद उचलल्यावर.

‘चुलवाण’, म्हणजे काहिलीखालची मोठी चूल, या चित्रात ही गोष्ट आणखी पुढे जाते. त्यात चार रंग आहेत आणि ठोकळा एकच आहे. या पद्धतीला रिडक्शन म्हणतात. आधी कागदाचा पांढरा जेथे हवा तेवढा भाग कोरला आणि सगळ्या कागदांवर पिवळा छापला. मग जाळाचा जो गाभा पिवळाच राहायला हवा तो कोरून टाकला आणि त्याच ठोकळ्याने त्याच कागदांवर नारिंगी छापला. त्यानंतर नारिंगी राखायचे तेवढे कोरून तांबडा. आणि शेवटी जे उरले त्यातून काळा, म्हणजे चुलवाणाचे तोंड, चिपाडांचा ढीग आणि जाळ घालणाऱ्याची वाकलेली पाठ. प्रत्येक टप्प्यावर आधीचा ठोकळा कायमचा नाहीसा होतो, म्हणून एकूण किती प्रती काढायच्या हे पिवळ्याच्याच वेळी ठरवावे लागते, आणि काही कागद वाटेत बिघडणारच हे गृहीत धरून थोडे जास्त घ्यावे लागतात. चारही रंग एकमेकांवर नेमके बसावेत यासाठी फळीच्या कडेला कागदाचा कोपरा टेकवण्याची खाच ठेवतात. जपानी कारागीर अठराव्या शतकापासून रंगीत चित्रे छापताना हीच युक्ती वापरत आले आहेत. पावसाळ्यात मात्र कोल्हापुरात ही युक्तीही पुरत नाही, कारण दमट हवेने कागद फुगतो आणि शाई वाळता वाळत नाही. त्यामुळे रंगीत काम मी दिवाळीनंतरच हाती घेते. आज ‘चुलवाण’चा ठोकळा माझ्याकडे आहे, पण त्याच्यावर जाळ उरलेला नाही. तो फक्त त्या अठरा कागदांवर आहे.

यावर पुढचा प्रश्न येतो, की ज्या काळ्या चित्रांचा ठोकळा शाबूत आहे त्यांच्या तरी शेकडो प्रती का काढत नाही. लाकूड झिजते, हे त्याचे साधे कारण आहे. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आपल्या किनाऱ्याशी जोडलेले आहे. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द आल्बुकर्क याला दिलेला एक गेंडा गोव्याहून जहाजाने निघून 1515 साली लिस्बनला पोहोचला. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचा चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने तो स्वतः कधी पाहिला नाही. दुसऱ्याने पाठवलेले वर्णन आणि रेखाटन यांच्या आधारे त्याने त्याच वर्षी त्याचे वुडकट केले. ड्यूररचे शाईतले रेखाटन आजही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, पण युरोपने शेकडो वर्षे ओळखला तो कागदावर छापलेला, चिलखत घातल्यासारखा गेंडा. ड्यूरर 1528 साली वारला. ठोकळा मात्र त्यानंतरही छापला जात राहिला, आणि नंतरच्या प्रतींत गेंड्याच्या पायांमधून गेलेली भेग स्पष्ट दिसते. प्रतींवर आकडा घालण्याची पद्धत त्या काळी नव्हती, ती फार नंतरची आहे. माझ्या वाफेच्या चित्रातले केसाएवढे लाकूड तर चमच्याच्या दाबानेही बसू लागते. त्या रेघा भरून जाण्याआधी थांबायचे, एवढाच अठरा या आकड्याचा अर्थ आहे. पहिली प्रत अठराव्या प्रतीपेक्षा श्रेष्ठ असते असेही समजू नये. सगळ्या प्रती वाळल्यावर मी त्या शेजारी शेजारी मांडून पाहते, फिक्या किंवा डागाळलेल्या बाजूला काढते आणि मगच आकडे लिहिते.

अठरा प्रती असल्यामुळे एका प्रतीची किंमत एकुलत्या एका चित्राइतकी ठेवावी लागत नाही, आणि छापचित्राचे सर्वांत मोठे बळ मला यातच दिसते. 1943 च्या बंगालच्या दुष्काळाची चित्रे काढणारे चित्तप्रसाद पुढे अनेक वर्षे मुंबईत अंधेरीला राहिले आणि लिनोलियम व लाकूड कोरून छापचित्रे करत राहिले. चित्र सामान्य माणसाच्या हाती पोहोचावे या ध्यासाला हे माध्यम किती जवळचे आहे, हे मी त्यांच्या कामाकडे पाहून शिकले. ज्या गुळव्यांनी मला भर हंगामात काहिलीपाशी उभे राहू दिले, त्यांच्या घरी या मालेतली एकेक प्रत गेली आहे. पुण्यातल्या एखाद्या संग्राहकाकडे जाईल ती प्रत त्यांच्याकडच्या प्रतीपेक्षा कणभरही अधिक मूळ असणार नाही, याचा मला मनापासून आनंद आहे.

या मालेतली बारा चित्रे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कोल्हापुरात, दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात लागतील. गुळाचा हंगाम तेव्हा चालू असेल, त्यामुळे चित्रांतली माणसे सवडीने येऊन जातील अशी मला आशा आहे. त्यानंतर फेब्रुवारीच्या अखेरीस हीच चित्रे पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात असतील. दोन्ही ठिकाणी रोज सायंकाळी एका लहान ठोकळ्यावर शाई लावून मी छाप काढून दाखवणार आहे. त्या प्रतींवर आकडा नसेल आणि त्या विक्रीला नसतील, मुलांनी त्या खुशाल घरी न्याव्यात. ‘चुलवाण’चा उरलेला ठोकळा चित्राशेजारीच ठेवणार आहे आणि त्याला हात लावून पाहायला हरकत नाही. फ्रेम न केलेल्या प्रती टेबलावर असतील. त्या दोन्ही हातांनी कडेला धरून उचलाव्यात, शाईवर बोट फिरवू नये, आणि कागद उलटा करून जरूर पाहावा, कारण चमच्याने घासल्याच्या खुणा पाठीमागेच दिसतात.