दिवेलागणीची पाळी

कंदिलाची काच पुसताना मूठ आत कोंबायची नाही. काठीला फडकं गुंडाळायचं, ते आत फिरवायचं आणि काच डाव्या हातात सैल धरायची. आवळून धरली की फुटते. हे मला आजीने शिकवलं, कवठेमहांकाळजवळच्या आजोळी, मी आठ-नऊ वर्षांची असताना. पुढे गावात वीज बऱ्यापैकी टिकायला लागली, कंदील माळ्यावर गेले आणि हे ज्ञान कायमचं बिनकामाचं झालं असं मी धरून चालले होते. ते कामाला आलं २०२४ च्या ऑगस्टअखेर, अमेरिकेत, नेवाडाच्या वाळवंटात, बर्निंग मॅन नावाच्या मेळ्याला.

मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ, बे एरियात, अठरा वर्षं राहतेय. दर ऑगस्टमध्ये ऑफिसातली चार-पाच माणसं आठवडाभर गायब होतात आणि लेबर डेनंतर पांढुरक्या धुळीने माखलेल्या गाड्या घेऊन परत येतात, हे पाहून होते. पैसेवाल्यांचा उघडा-नागडा धांगडधिंगा, एवढंच माझं मत होतं. (ते अगदीच चूक नव्हतं, त्यावर पुढे बोलू.) एका मैत्रिणीकडे एक तिकीट जास्तीचं निघालं. ५७५ डॉलर, गाडीचा पास वेगळा. नवरा म्हणाला, एवढ्यात पुण्याच्या तिकिटाचे निम्मे पैसे निघतात. आईला फोनवर सांगितलं की लाकडाचा मोठा पुतळा उभारतात आणि शेवटी जाळतात, तर ती म्हणाली, "अगं, मग शिमगाच की. श्रावणात कसला शिमगा?"

शिमग्याची ही गोष्ट सुरू झाली १९८६ साली, सॅन फ्रान्सिस्कोच्या बेकर बीचवर. लॅरी हार्वी आणि जेरी जेम्स या दोघांनी आठेक फुटी लाकडी माणूस करून किनाऱ्यावर जाळला आणि बघ्यांची गर्दी जमली. पुतळा दरवर्षी वाढत गेला. १९९० मध्ये पोलिसांनी किनाऱ्यावर पेटवू दिला नाही, म्हणून तो उचलून ब्लॅक रॉक वाळवंटात नेला. तिथे आता दरवर्षी सत्तर हजारांच्या आसपास माणसं जमतात.

डोनर घाट ओलांडायचा, रीनो मागे टाकायचं, वॉड्सवर्थला ४४७ नंबरच्या रस्त्याला लागायचं. पुढे पायूट या मूळ रहिवाशांची राखीव जमीन, पिरॅमिड लेकचा परिसर, मग दोन्ही बाजूंना नुसते उघडे डोंगर. शेवटचं गाव गर्लाक, जेमतेम शे-सव्वाशे वस्तीचं. तिथून पुढे सपाट पांढरं काहीतरी सुरू होतं, त्याला प्लाया म्हणतात. हजारो वर्षांपूर्वी इथे लाहाँटन नावाचं प्रचंड सरोवर होतं, त्याचा हा आटलेला तळ. वाळवंट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर जैसलमेर होतं, पण इथे वाळूचा कण नाही. पिठीसारखी क्षारट माती आहे, ती नाकात, झिपात, टूथब्रशात, सगळीकडे जाते. पायाची कातडी चिरते. त्यावर व्हिनेगरच्या पाण्याने पाय धुवायचे असतात. मी लिंबू वापरलं, तेही चाललं.

दारावर स्वागताला स्वयंसेवकच असतात. माझी पहिली खेप आहे म्हटल्यावर एका आजोबांनी मला गाडीतून उतरवलं, धुळीत लोळायला लावलं आणि घंटा वाजवायला सांगितली. मी लोळले. पन्नाशीजवळ आलेली बाई, अंगात मंडळाच्या गणपतीचा टी-शर्ट. आजोबांनी मला उठवून मिठी मारली आणि म्हणाले, "घरी आलीस." मला तेव्हा ते जरा नाटकी वाटलं होतं. अजूनही वाटतं.

शहराची आखणी मात्र खरोखर झकास. मधोमध तो लाकडी माणूस, त्याच्याभोवती कमानीसारखे रस्ते, त्यांना अक्षरांची नावं. त्यांना छेदणारे रस्ते घड्याळाच्या काट्यांसारखे, दोनपासून दहापर्यंत. आमचा पत्ता होता साडेसात आणि ई. सेंटर कॅम्प, म्हणजे गावाची चावडीच, सहाला. बाराच्या बाजूला वस्ती नाही, उघडं मैदान, आणि त्यात टेंपल नावाची लाकडी वास्तू. "मी साडेचारला आहे" हे वाक्य मला दोन दिवस वेळच वाटत राहिलं. गाडीला ताशी ५ मैलांची मर्यादा, आणि फिरायला परवानगी फक्त मासा, बोट, ड्रॅगन असं काहीतरी होऊन आलेल्या गाड्यांना. बाकी सगळे सायकलवर.

इथे बर्फ सोडून काहीही विकत मिळत नाही. जे हवं ते घेऊन यायचं, जे आहे ते वाटायचं, बदल्यात काही मागायचं नाही. पाणी दिवसाला माणशी दीड गॅलन तरी आणा, म्हणजे साडेपाच लिटरच्या पुढे, असं आधीच बजावतात. मी कोकमाचं आगळ आणि सांगलीचं भडंग दोन किलो नेलं होतं. दुपारी तीनला बर्फ घालून कोकम सरबत द्यायला उभी राहिले की माणसं पहिला घोट घेऊन एकदम गप्प व्हायची. मिठाचं सरबत कोणाच्या डोक्यातच नव्हतं. एकाने तीन पेले प्यायले आणि मला स्वतः ठोकून केलेलं तांब्याचं कडं देऊन गेला. बदला नव्हे म्हणाला, वेगळी भेट. बरं.

दोन दिवस नुसती बघत हिंडले. तीन मजली लाकडी शिल्पं, रात्री आग ओकणारे लोखंडी प्राणी, जिकडेतिकडे दिवे. छान होतं, पण जत्रेत नातेवाईक नसले की जसं होतं तसं झालं होतं. तिसऱ्या दिवशी सेंटर कॅम्पजवळून जाताना रॉकेलचा वास आला. रॉकेलच, शंकाच नको. वासामागे गेले तर मांडवाखाली ओळीने शेकडो कंदील आणि वीसेक माणसं काचा पुसत बसलेली.

हे लॅम्पलायटर्स. १९९३ पासून यांचं हे काम चालू आहे. रोज संध्याकाळी मुख्य रस्त्यांवर, सेंटर कॅम्पपासून त्या माणसापर्यंत आणि पुढे टेंपलपर्यंत, लाकडी खांबांवर कंदील लावत जायचे. एलईडीच्या झगमगाटात आता याची गरज आहे का? मुळीच नाही. तरी लावतात. आधी नाव नोंदवलेलं नसलं तरी चालतं, हात लागतातच.

पांढऱ्या दाढीच्या एका गृहस्थांनी मला काच कशी पुसायची ते दाखवायला सुरुवात केली. मूठ आत घालू नकोस, म्हणाले. मी म्हटलं, माहीत आहे. त्यांनी तीन काचा माझ्या हातात देऊन बघितल्या, मग काही न बोलता अख्खी पेटी माझ्यासमोर सरकवली. वात कापताना मात्र माझी फजिती झाली. सरळ कापून दोन्ही कोपरे किंचित उतरवायचे असतात. मी तिरकी कापली, ज्योत एका अंगाला जिभेसारखी वर आली आणि नुकतीच पुसलेली काच मिनिटात काजळून काळी. आजीने फक्त काचा पुसायला शिकवलं होतं. वातीला ती आम्हाला हात लावू द्यायची नाही, आणि का ते तिथे कळलं.

साडेपाच-सहाला झगे मिळाले. पांढरे, पायघोळ, खालून वर चढणाऱ्या लाल-केशरी ज्वाळा रंगवलेल्या. कामं तीन. वाहणारे, चढवणारे, आणि सोबत चालून पाणी-बिणी बघणारे. मी वाहणारी झाले. खांद्यावर आडवी लाकडी दांडी, तिच्या दोन्ही बाजूंना पेटलेल्या कंदिलांचे घोस. म्हणजे कावडच. शिखर शिंगणापूरची कावड मी लहानपणी बघितली होती, पण दांडी मानेच्या मागच्या हाडावर नेमकी कुठे बसते हे खांद्यावर घेतल्याशिवाय समजत नाही. पहिल्या दहा मिनिटांत कळतं की पाऊल सरकवत टाकायचं, उचलून नाही. उचललं की दोन्हीकडचे कंदील हिंदकळतात आणि रॉकेल ठिबकतं. खांबापाशी थांबायचं, चढवणारा लांब काठीच्या आकड्याने माझ्या दांडीवरचा एक कंदील अलगद उचलणार आणि वरच्या हुकाला अडकवणार. तोपर्यंत हलायचं नाही, मग पुढचा खांब. एका बाजूचे कंदील आधी संपू द्यायचे नाहीत, नाहीतर दांडी कलंडते. हे गणित डोक्यात चालू असल्यामुळे आपण किती सुंदर दिसतोय वगैरे विचार करायला वेळ नसतो.

रस्त्यावरची माणसं मात्र थांबत होती. सायकली थांबायच्या, ड्रॅगनगाडीने गाणं बंद केलं, कोणीतरी ओरडायचं, "थँक यू, लॅम्पलायटर्स!" सोनेरी चड्डी एवढाच पोशाख असलेला एक मनुष्य छातीवर हात ठेवून उभा राहिला. माझ्या तोंडात कधीपासून "शुभं करोति" चाललं होतं कोण जाणे. दिवेलागणीला दुसरं काही येतच नाही.

चौथ्या दिवशी वारा सुटला. आम्ही त्या माणसाच्या अलीकडे होतो आणि डोंगर दिसेनासे झाले, मग माणूस, मग पुढची वाहणारी बाई. अशा वेळी नियम एकच, असाल तिथे उभे राहा. चष्मा, तोंडावर फडकं, खांद्यावर जळती दांडी. किती वेळ गेला सांगता येणार नाही; दहा मिनिटं असतील, अर्धा तासही असेल. माझ्या स्वतःच्या कंदिलांपैकी जवळचे दोनच दिसत होते, पिवळे डाग, बाकी सगळं दुधासारखं. मग डावीकडून कोणीतरी घोगऱ्या आवाजात गाणं म्हणायला लागलं, मागून दुसऱ्याने साथ दिली. दिसत कोणीच नव्हतं, पण ओळ कुठे आहे ते कानांना कळलं. वारा पडला तेव्हा माझे तीन कंदील विझले होते. दाढीवाल्यांनी ते पुन्हा पेटवले आणि म्हणाले, तीनच? चांगलंय.

आता कुरकुर. २००४ मध्ये हार्वीने या मेळ्याची दहा तत्त्वं लिहून काढली. त्यात देणं आहे, व्यवहार नको आहे, मागे खूण न ठेवणं आहे. पण इथे काही विकलं जात नाही याचा अर्थ इतकाच की दुकान शहराबाहेर ढकललंय. प्रत्येक माणूस रीनोत ट्रॉली भरूनच आत आलेला असतो. तात्पुरत्या धावपट्टीवर खासगी विमानं उतरतात. काही तळांवर पैसे मोजले की तंबू, स्वयंपाकी, एसी सगळं तयार मिळतं. रात्रभर जनरेटर घरघरतात. सगळ्यांना सामावून घ्या हे पहिलं तत्त्व, आणि आठवडाभर सुट्टी व हजारभर डॉलर नसलेला माणूस आपोआप बाहेर. हे मी कंदील पुसताना बोलून दाखवलं. कोणी वाद घातला नाही. एक नर्सबाई म्हणाली, म्हणूनच मी तिकडे फिरत नाही, इथे बसते.

शनिवारी रात्री माणूस जळला. फटाके, ढोल, गोल करून बसलेली अफाट गर्दी. आईचा शिमगा बरोबर होता, फक्त बोंब वेगळी.

टेंपलचं तसं नाही. २००० साली डेव्हिड बेस्ट नावाच्या शिल्पकाराने मोटारसायकल अपघातात गेलेल्या एका सहकाऱ्याच्या आठवणीत पहिलं टेंपल बांधलं, तेव्हापासून दरवर्षी नवीन बांधतात आणि रविवारी जाळतात. आत देव नाही. माणसं आठवडाभर येऊन भिंतींवर गेलेल्यांची नावं लिहितात, फोटो, चपला, कुत्र्याचे पट्टे ठेवतात. मी आजीचं नाव लिहायचं ठरवून पेन घेऊन गेले होते. एका खांबावर, खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर देवनागरी दिसली. निळ्या शाईत, बारीक अक्षर: "पप्पा, आता बीपीची गोळी राहिली तरी चालेल." बराच वेळ तिथेच बसून राहिले. पेन उघडलंच नाही.

त्या रात्री हजारो लोक हूं की चूं न करता बसले होते. फक्त लाकडाचा आवाज.

तिथून परत येताना अंधारात माझा पाय डब्यावर पडला आणि उरलेलं भडंग सांडलं. साधारण पाव किलो. तुम्हाला गंमत वाटेल, पण प्लायावर हा गुन्हा आहे. जमीन सरकारी, नंतर तपासणी होते आणि एकरामागे एक चौरस फुटापेक्षा जास्त कचरा सापडून चालत नाही. टिकली, केस बांधायचं रबर, पिस्त्याचं साल, काहीही पडलं तर त्याला मूप म्हणतात आणि ते उचलायचं. आणि भडंग म्हणजे काय? तर पांढऱ्या जमिनीवर पांढऱ्याचे पिवळट झालेले कुरमुरे, वर वाऱ्याने पसरलेले.

सोमवारी सकाळी बाहेर पडणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती आणि आम्ही चौघी गुडघ्यांवर होतो. मैत्रीण, मी आणि शेजारच्या तळावरच्या दोघी, ज्यांचा या भानगडीशी काही संबंध नव्हता. एकेक कुरमुरा चिमटीत धरायचा, पिशवीत टाकायचा. शेंगदाणे सोपे गेले. लसणाच्या पाकळ्याही. कढीपत्त्याचं पान वाळून इतकं चुरलं होतं की ते चाळणीने घ्यावं लागलं. दीड तास गेला. शेवटी शेजारच्या ऑस्ट्रेलियन बाईला तंबूच्या खुंटीच्या भोकात एक कुरमुरा सापडला. तिने तो उजेडात धरून निरखला, फुंकर मारली आणि तोंडात टाकला.

"तिखट आहे," म्हणाली. "अजून आहेत का?"

मी पिशवी पुढे केली.